अर्ज खंडीभर, बोलावणे एकही नाही: अडते नेमके कुठे?

दर वर्षी विद्यापीठाचे निकाल लागले की दोन-तीन महिन्यांत एकच तक्रार माझ्या कानावर वेगवेगळ्या तोंडांनी येऊ लागते: ‘सर, साठ-सत्तर ठिकाणी अर्ज केले, कुठूनच काही कळवत नाहीत.’ मी सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, टाइम ऑफिस आणि भरतीचे काम पाहतो, त्यामुळे ओळखीपाळखीतली मुले-मुली रविवारी सकाळी विश्रामबागेतल्या घरी आपापले बायोडेटे घेऊन येतात. त्यांची तक्रार खरी असते, पण तिच्यावरचा उपाय त्यांनी घरून निघतानाच ठरवलेला असतो, तो म्हणजे ‘सीव्ही नवीन करून द्या’. आधीचा निळ्या पट्टीचा असतो, आता हिरव्या पट्टीचा हवा असतो.

विहिरीवरची मोटार सुरू होत नाही म्हणून कोणी शहाणा माणूस लगेच वाइंडिंग उसवायला बसत नाही. लाइट आहे का, फ्यूज शाबूत आहे का, तिन्ही फेज येतात का, स्टार्टर धरतो का, हे क्रमाने पाहत गेले की बिघाड आपोआप एका जागी सापडतो. नोकरीच्या अर्जालाही असेच टप्पे असतात, आणि तक्रार एकच असली तरी प्रत्येकाचा बिघाड वेगळ्या टप्प्यावर असतो. ज्याला फोन येतात पण मुलाखतीनंतर पुढे काही घडत नाही, त्याने सीव्हीची पट्टी बदलून काय होणार?

म्हणून पहिले काम वहीचे. साध्या शंभर पानी वहीत चार रकाने आखावेत: अर्ज कुठे, कोणत्या पदासाठी व कोणत्या तारखेला केला; फोन किंवा मेल आला का; मुलाखत झाली का; नियुक्तीपत्र मिळाले का. ज्यांना साठ-सत्तर अर्ज केल्यासारखे वाटत असते, त्यांच्या वहीत पुष्कळदा वीस-बावीसच नोंदी निघतात आणि त्यातल्या निम्म्या एकाच संकेतस्थळावर एका रात्रीत बटण दाबून केलेल्या असतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तीसेक प्रामाणिक अर्जांनंतर दुसरा रकाना कोरा असेल, तर दोष कागदात किंवा पदाच्या निवडीत आहे असे धरावे. दुसरा भरतो आणि तिसरा कोरा राहतो, तर दोष संपर्कात आहे. तिसरा भरतो आणि चौथा कोरा राहतो, तर मुलाखतीकडे वळावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण सगळे एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

फोनच येत नाही

गेल्या पावसाळ्यात पलूसकडची एक मुलगी आली होती. मेकॅनिकलची पदविका, गुण चांगले, आणि सीव्ही दिसायला इतका देखणा की मला त्यात खोट काढता येईना. डावीकडे रंगीत पट्टीत फोटो, पत्ता आणि कौशल्ये, उजवीकडे शिक्षण व प्रकल्प, आणि पानाच्या अगदी माथ्यावर मोबाइल क्रमांक. मी तिला ती पीडीएफ संगणकावर उघडायला सांगितली, सगळा मजकूर निवडून कॉपी करायला लावला आणि कोऱ्या नोटपॅडमध्ये पेस्ट करायला सांगितले. समोर जे उमटले ते पाहून ती गप्पच झाली. डाव्या पट्टीतली ओळ उजव्या पट्टीतल्या ओळीच्या पोटात शिरली होती, त्यामुळे ‘पदविका, मेकॅनिकल’ याच्या मधोमध ‘मराठी, हिंदी’ येऊन बसले होते, ‘ऑटोकॅड’समोर काढलेले पाच गोळे नुसते चौकोन झाले होते, आणि मोबाइल क्रमांक तर कुठेच नव्हता.

मोठ्या कंपन्यांत आलेला सीव्ही आधी माणूस वाचत नाही, त्यातला मजकूर एक सॉफ्टवेअर उपसून रकान्यांत भरते आणि भरती करणारा माणूस त्या रकान्यांत शोध घेतो. हे सॉफ्टवेअर दोन पट्ट्या, चौकटी, चित्रे आणि पानाच्या माथ्यावरचा वा तळाचा मजकूर वाचताना चुकू शकते, आणि ते काय वाचेल याचा अंदाज नोटपॅडची ही चाचणी दोन मिनिटांत देते. उपाय अगदी नीरस आहे: एकच रकाना, पांढरे पान, नेहमीचा फॉन्ट, नाव आणि क्रमांक मजकुराच्या पहिल्या ओळींत, गोळे आणि ताऱ्यांऐवजी शब्द. तिचा सीव्ही आम्ही अर्ध्या तासात तसा केला. तो आता मुळीच देखणा नाही.

याच चाचणीत आणखी दोन बिघाड सापडतात. मोबाइलने फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली असेल, तर निवडायला मजकूरच मिळत नाही, कारण ते नुसते चित्र असते. आणि शिक्षण संस्था किंवा पतसंस्था यांच्यासाठी मराठीत अर्ज टंकून घेतला असेल व झेरॉक्सच्या दुकानातल्या मावशींनी तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकला असेल, तर पडद्यावर सुबक मराठी दिसते आणि पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा चिवडा मिळतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकून घ्यावा, हे दुकानात आधीच सांगावे.

दुकानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलून घेतो. कॉलेजच्या आसपासच्या दुकानांत एकाच जुन्या फाइलवर नाव बदलून बायोडेटे केले जातात, त्यामुळे आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीत एका दिवशी आलेल्या पाच बायोडेट्यांत करिअरचे ध्येय शब्दशः सारखे असते, छंद ‘क्रिकेट पाहणे’ सारखे असतात, आणि एकदा तर एका मुलाच्या बायोडेट्यात जन्मतारीख दुसऱ्याच कोणाची तरी राहून गेली होती. तो मुलगा शिफ्ट सुटेपर्यंत गेटवर थांबला होता, म्हणून निदान त्याला ते सांगता आले. ध्येयाचा परिच्छेद, धर्म, वैवाहिक स्थिती आणि तळाचे प्रतिज्ञापन हे सगळे खासगी नोकरीच्या सीव्हीतून निःशंक काढावे. सरकारी भरतीत ही माहिती लागेल तेव्हा ठरावीक नमुन्यात मागतात, तिथे सीव्हीचा संबंधच येत नाही.

जागा मोकळी झाली की तिथे काय लिहावे? ‘कष्टाळू, प्रामाणिक, संघभावना’ हे शब्द कोणीही लिहू शकतो, म्हणून ते कोणी वाचत नाही. त्या पलूसच्या मुलीच्या सीव्हीत प्रकल्पाचे फक्त इंग्रजी नाव होते. तिला खोदून विचारल्यावर कळले की तिच्या गटाने एका वर्कशॉपसाठी ड्रिलिंगचे जिग, म्हणजे भोक नेमक्या जागी पाडायला मदत करणारा साचा, तयार केले होते, आधी प्रत्येक नगावर खुणा करून भोक पाडायला नऊ मिनिटे लागत, जिगमुळे चार लागू लागली, आणि मापे घेण्याचे व ड्रॉइंगचे काम तिने स्वतः केले होते. हे सगळे दोन साध्या इंग्रजी ओळींत बसले, आणि त्या दोन ओळी म्हणजेच तिचा सीव्ही. काय केले, कशावर केले, किती फरक पडला आणि त्यातले आपले काम कोणते, एवढे प्रत्येक ओळीतून कळले पाहिजे. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत केलेले काम पुष्कळ मुले संकोचाने लपवतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात तरी तो संकोच नको. ग्रंथालयात तीन वर्षे रोज दोन तास नोंदी केल्या असतील, तर तो कार्यालयीन कामाचा अनुभवच आहे.

आता शिक्षणानंतरच्या खंडाबद्दल, कारण आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न घरोघरी आहे. पदवीनंतर दोन-तीन वर्षे एमपीएससीच्या अभ्यासिकेत किंवा पोलीस आणि सैन्य भरतीच्या मैदानावर जातात, वय पुढे सरकते, आणि मग खासगी नोकरीचा अर्ज करताना ती वर्षे कशी झाकावीत याची चिंता लागते. झाकू नयेत. ‘२०२२ ते २०२४, स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ अशी एक सरळ ओळ लिहावी, पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली असेल तर तेही लिहावे, आणि पुढे जावे. वर्षेच न दिलेला सीव्ही पाहिला की वाचणाऱ्याच्या मनात अभ्यासिकेपेक्षा वाईट शंका येतात.

तासगाव तालुक्यातल्या एका मुलाची गोष्ट या बाबतीत मला फार बोलकी वाटते. रसायनशास्त्रातली पदवी, त्यानंतर दीड वर्ष परीक्षेची तयारी आणि दोन वर्षे ‘घरीच’. घरी म्हणजे काय करत होतास, असे विचारल्यावर तो ओशाळून म्हणाला की द्राक्षबाग पाहत होतो. बाग निर्यातीची होती. निर्यातीच्या बागेची नोंदणी करावी लागते, अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या व्यवस्थेत तिचा माग राहतो, कोणते औषध कोणत्या तारखेला किती प्रमाणात फवारले याची नोंदवही ठेवावी लागते, फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस मोजावे लागतात, आणि काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जाऊन फवारलेल्या औषधाचे उर्वरित अंश मर्यादेत आहेत की नाहीत हे तपासले जाते. हे सगळे तो दोन हंगाम एकट्याने सांभाळत होता, खरड छाटणीपासून माल गाडीत भरेपर्यंत, आणि अर्ज करत होता अन्नप्रक्रिया कारखान्यातल्या गुणवत्ता साहाय्यकाच्या जागेसाठी. जे काम त्या जागेवर करायचे असते, तेच त्याने केले होते, आणि सीव्हीत त्या दोन वर्षांच्या जागी रिकामी ओळ होती.

कागद ठीक असूनही फोन येत नसेल, तर आपण कुठे अर्ज करतो ते पाहावे. जाहिरातीत व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हाइट गेज यांची नावे असतील आणि ती साधने आपण खरोखर हाताळलेली असतील, तर तेच शब्द सीव्हीत आले पाहिजेत, ‘मापन साधने’ एवढ्यावर भागवू नये. शिवाय सगळे अर्ज हिंजवडी आणि चाकणकडेच कशासाठी? किर्लोस्करवाडी १९१० पासून याच जिल्ह्यात आहे, कुपवाड-मिरजेच्या वसाहती आहेत, सातारकरांना त्यांची औद्योगिक वसाहत आणि पुढे शिरवळ आहे. आमच्यासारख्या मध्यम कारखान्यांच्या जागा संकेतस्थळांवर फारशा येतच नाहीत. त्या गेटवरच्या फळ्यावर लागतात, जुन्या कामगारांकडून कळतात, नाही तर जिल्हा कौशल्य विकास केंद्राच्या रोजगार मेळाव्यात भरल्या जातात. ज्यांचे घोडे ‘अनुभव हवा’ या अटीवरच अडते, त्यांनी शिकाऊ उमेदवारी कमी लेखू नये. १९६१ च्या कायद्याखालची ही उमेदवारी विद्यावेतन देते आणि सीव्हीत खरा अनुभव म्हणून लिहिता येते.

फोन येतो, पण आपल्यापर्यंत पोहोचत नाही

हा बिघाड सर्वांत क्षुल्लक आणि म्हणूनच सर्वांत उशिरा लक्षात येणारा आहे. मी स्वतः उमेदवारांना फोन करतो तेव्हा पुष्कळ जण अनोळखी क्रमांक पाहून उचलत नाहीत, काहींचा क्रमांक बंद झालेला असतो, आणि जत किंवा शिराळ्याकडच्या काही वाड्यांवर घरात शिरले की रेंजच जाते. अर्ज केल्यानंतरच्या पंधरवड्यात अनोळखी फोन उचलावा, राहून गेला तर त्याच दिवशी ‘मी अमुक, अमुक पदासाठी अर्ज केला होता’ असा संदेश पाठवावा, आणि सीव्हीवर घरच्या एखाद्या माणसाचा दुसरा क्रमांक द्यावा. त्या माणसाला मात्र आधी सांगून ठेवावे, नाही तर वडील ‘तो रानात गेलाय’ एवढे बोलून फोन ठेवतात आणि संध्याकाळी सांगायचे विसरतात. मेलचा स्पॅम कप्पा रोज पाहावा. दुकानदाराने काढून दिलेल्या मेल खात्याचा पासवर्ड आपल्याकडे नसेल, तर ते खाते सोडून आजच नवे काढावे.

मुलाखत होते, पुढे काहीच घडत नाही

आमच्याकडे गुणवत्ता विभागाच्या मुलाखतीत टेबलावर एक व्हर्नियर आणि एक ओतीव तुकडा ठेवलेला असतो. सीव्हीत ‘मापन साधनांचे उत्तम ज्ञान’ लिहिलेल्या एका मुलाने तो तुकडा हातात घेतला, व्हर्नियर उघडझाप केला, आणि ‘चोवीस आणि थोडे’ म्हणाला. त्याच्यामागून आलेल्या मुलाने आधीच सांगितले की कॉलेजनंतर वर्षभर हातात घेतलेला नाही, जरा वेळ लागेल. मग त्याने जबडे पुसले, ते मिटवून शून्याला शून्य जुळते का पाहिले, तुकडा धरला आणि मोठ्याने बोलत वाचले: मुख्य पट्टीवर २४, व्हर्नियरची सातवी रेघ जुळते, लघुत्तम माप ०.०२, म्हणजे २४.१४ मिलिमीटर. दुसऱ्याला आम्ही घेतले. त्याचे इंग्रजी पहिल्यापेक्षा कच्चे होते.

या प्रसंगात तयारीचे मर्म आहे. सीव्हीतली प्रत्येक ओळ हा आपणच परीक्षकाला दिलेला प्रश्न असतो, म्हणून आदल्या रात्री जालावरचे पन्नास प्रश्न पाठ करण्यापेक्षा आपलाच सीव्ही समोर घेऊन प्रत्येक ओळीवर ‘कसे केले?’ आणि ‘का केले?’ हे दोन प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारावेत. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचे पाठ केलेले इंग्रजी उत्तर आम्हांला पहिल्या वाक्यातच ओळखू येते, आणि मध्ये कोणी टोकले की ते साखळीसारखे तुटते. गाव, शिक्षण, केलेले एक काम आणि या जागेत रस का, एवढे चार-पाच छोट्या वाक्यांत सांगावे. तांत्रिक प्रश्न इंग्रजीत समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगणे किंवा उत्तर मराठीत देऊ का असे विचारणे यात कमीपणा नाही. कुपवाडात तरी त्याला कोणी नाही म्हणणार नाही. पुण्यात मात्र समोरचा माणूस केरळचा असू शकतो, म्हणून साध्या इंग्रजीचा थोडा सराव असलेला बरा.

उशीर होण्याबद्दल माझेच उदाहरण देतो. माझी पहिली मुलाखत पुण्यात सकाळी दहाला होती. सांगली-पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर, म्हणून मी पहाटेच्या एसटीने निघालो, आणि खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे मालमोटार आडवी झाल्यामुळे दीड तास जागेवर बसून राहिलो. पोहोचेपर्यंत सव्वाबारा झाले. आता कुठल्या तोंडाने फोन करायचा, असा विचार करून मी वाटेतून कळवलेही नव्हते, आणि ज्या दोघांनी कळवले होते त्यांना तिथे दुपारची वेळ दिलेली होती. रस्त्याचा दोष दीड तासाचा होता, न कळवण्याचा दोष सगळा माझा. पुण्याची मुलाखत सकाळची असेल तर आदल्या दिवशीच जावे, नातेवाईक नसतील तर मित्राच्या खोलीवर पडावे. ऑनलाइन मुलाखत असेल तर तोच नियम विजेला लावावा: लॅपटॉप पूर्ण चार्ज, इंटरनेटसाठी दुसरे सिम तयार, आणि खिडकीकडे पाठ करून बसायचे नाही.

मुलाखतीनंतर आठवडाभराने एक सभ्य मेल पाठवावा. रोज फोन करू नये.

निवड झाली, आणि घोळ झाला

शेवटच्या टप्प्यावर तीन ठिकाणी अडते. पहिले नावाचे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर ते शेवटी असते, लग्नानंतर मुलींचे नाव तिसऱ्याच कागदावर बदललेले असते, आणि कागदपत्रांची पडताळणी करणारी संस्था साताऱ्याची रीत जाणत नाही. अर्ज भरतानाच पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव आपापल्या चौकटीत घालावे, नाव खरोखर बदललेले असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवावे, आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आधीच उतरवून घ्याव्यात. सीजीपीएची टक्केवारी काढताना विद्यापीठाचेच सूत्र वापरावे, मनाने दहाने गुणू नये.

दुसरे पगाराचे. वर्षाला तीन लाख सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च, ऐकून घरात पेढे वाटले जातात आणि पहिल्या महिन्याला वीस हजार हातात आले की फसवल्यासारखे वाटते. हिशेब असा आहे: तीन लाखांचे महिन्याला २५,००० होतात. मूळ वेतन १५,००० धरले, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ७२० यातूनच जातात. मग आपला हिस्सा १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन साधारण २०,५०० उरतात. व्यवसाय करात महिलांना अधिक सूट आहे, आणि जेवण-बसची कपात निराळी असते. म्हणून नियुक्तीपत्र स्वीकारण्यापूर्वी ‘हातात किती’ हे नम्रपणे लेखी विचारून घ्यावे, त्यात कोणी रागावत नाही.

तिसरे पैशांचे. निवड झाली, आता प्रशिक्षण, गणवेश किंवा नोंदणीसाठी अमुक रक्कम भरा, असा फोन आला तर तो फोन नोकरीचा नाही. पत्र कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आले आहे का ते पाहावे, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी, आणि पैसे गेलेच असतील तर लाज बाळगून आठवडा न घालवता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते.

पलूसच्या त्या मुलीच्या वहीत दुसऱ्या रकान्यात आता चार खुणा आहेत, तिसऱ्यात दोन, चौथा अजून कोरा आहे. म्हणजे सीव्हीला आता हात लावायचा नाही. त्या दोन मुलाखतींत काय काय विचारले आणि तिने काय उत्तर दिले, हे जसेच्या तसे लिहून आणायला मी तिला सांगितले आहे. येत्या रविवारी येताना मी कारखान्यातला जुना व्हर्नियरही घरी घेऊन येणार आहे.